शनिवारच्या वह्या

महिन्यातल्या चौथ्या शनिवारी सकाळची शाळा सुटली, की आमच्या तालुक्यातले आठ-दहा प्राथमिक शिक्षक आपापल्या दुचाक्या काढतात आणि ठरलेल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात येऊन सतरंजीवर बसतात. करोनाचा काळ, निवडणुकांचे हंगाम आणि मधला सहा महिन्यांचा एक खंड सोडला, तर गेली सात वर्षे हा क्रम बहुतेक न चुकता चालू आहे. या बैठकीसाठी परिपत्रक निघत नाही, हजेरीपट फिरत नाही आणि प्रवासभत्ताही मिळत नाही. येताना प्रत्येकाने एकच वस्तू आणायची असते, ती म्हणजे आपल्या वर्गातल्या कोणा एका मुलाची वही, आणि तीही अशी, जिच्यातले काहीतरी आपल्याला उलगडलेले नाही. वहीवरचे नाव कागदाची पट्टी लावून झाकलेले असते. चहा ज्याची शाळा त्याचा.

शिक्षकांनी शिक्षकांसाठी खालून उभ्या केलेल्या अशा गटांविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. असे गट कशावर उभे राहतात आणि कशाने मोडतात, याबद्दलचा स्वतःचा अनुभव एकदा नीट लिहून ठेवावा असे बरेच दिवस मनात होते. माझे म्हणणे एवढेच आहे, की वर्गात जे फसले ते चारचौघांत निःसंकोच मांडता येते का, यावर अशा गटाचे आयुष्य ठरते. बाकीच्या गोष्टी, म्हणजे नवी पद्धत कोणती, साहित्य कोणते आणि तंत्रज्ञान कोणते, या सगळ्या त्यानंतरच्या.

मी नोकरीला लागले ती दोनशिक्षकी शाळेवर. मुख्याध्यापकपदाचा कार्यभार सांभाळणारे माझे सहकारी महिन्यातले कितीतरी दिवस पंचायत समितीतल्या बैठका, पोषण आहाराचे हिशेब आणि मतदार यादीचे काम यांत अडकलेले असत, त्यामुळे पहिली ते चौथीचे चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसणे माझ्या अंगवळणी पडले होते. दिवसभर चाळीस मुलांच्या गराड्यात राहूनही हा पेशा किती एकट्याने करायचा असतो, हे मला तिथे कळले. सुतार दुसऱ्या सुताराचे काम उभा राहून पाहतो, डॉक्टर अडलेल्या रुग्णाबद्दल दुसऱ्या डॉक्टरचे मत विचारतो. शिक्षकाचा तास मात्र दुसरा शिक्षक सहसा पाहतच नाही, आणि पाहिलाच तर तो तपासणीसाठी पाहिलेला असतो.

तशात २०१५ साल उजाडले. त्या वर्षीच्या २२ जूनला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपले ज्ञान अनुभवांतून स्वतःच रचते हा विचार, शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात आला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटाचे, नाव त्याआधीपासूनच कानावर होते. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बीटमधले शिक्षक यांनी वर्गाची मांडणीच बदलून टाकली होती, आणि ती पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून साताऱ्याकडे जात होत्या. आम्हीही वर्गणी काढून एक जीप ठरवली आणि गेलो. मुले गटागटाने जमिनीवर बसलेली, त्यांच्या पुढ्यात काड्या, मणी आणि शब्दपट्ट्या, आणि बाई खुर्ची सोडून त्यांच्यातच मांडी घालून बसलेल्या, हे पाहून आम्ही भारावलो होतो हे खरे आहे.

परत आल्यावर आम्ही पहिले काम कोणते केले असेल, तर ऑइलपेंटचे डबे आणले. दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी मिळून वर्गाची फरशी रंगवून काढली. एका कोपऱ्यात शंभरपर्यंतच्या संख्यांचा तक्ता, दुसऱ्या कोपऱ्यात बाराखडी, मधोमध सापशिडी आणि भिंतींना मुलांच्या हाताला येतील असे तळफळे. रंगाचे पैसे आमच्याच खिशातले होते. पुढचा जून येईपर्यंत सत्तरच्या घरातल्या संख्या पायांखाली पुसट झाल्या होत्या, आणि मी त्याच तक्त्यावर उभी राहून पूर्वीसारखीच मुलांकडून एका सुरात संख्या म्हणवून घेत होते. त्या दोन-तीन वर्षांत कितीतरी शाळांत हेच झाले असावे, कारण पुढे जिथे जिथे गेले तिथे तिथे तसल्याच पुसट झालेल्या फरश्या मला दिसल्या. एका बीटमधले शिक्षक आपल्या अधिकाऱ्यासह पुन्हा पुन्हा एकत्र बसून मुले कशी शिकतात याबद्दल बोलत राहिले, हे कुमठ्याचे खरे काम होते. ते एका दिवसाच्या भेटीत डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना दिसतो तो रंग, म्हणून आम्ही रंग आणला.

एकत्र बसण्याची सोय आमच्या व्यवस्थेत नाही असेही नाही. शेजारशेजारच्या शाळांनी एकमेकींच्या आधाराने चालावे, ही शाळासमूहाची कल्पना कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच मांडली होती, आणि आपल्याकडचे केंद्र, केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना त्याच वळणाची आहे. केंद्रातल्या शिक्षकांनी एकत्र बसायचे ते पूर्वीचे गटसंमेलन काय किंवा आताची शिक्षण परिषद काय, हेतू तोच. प्रत्यक्षात तिथे काय होते ते कोणत्याही शिक्षकाला विचारावे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, गेल्या महिन्यातल्या परिपत्रकांचे वाचन, कोणत्या शाळेने कोणती माहिती अजून ऑनलाइन भरलेली नाही याची झाडाझडती, आणि जेवणापूर्वी एक आदर्श पाठ. या आदर्श पाठाविषयी माझ्या मनात जरा आकस आहे, हे आधीच कबूल करते. त्यासाठी निवडलेली मुले चुणचुणीत असतात, प्रश्न त्यांना आदल्या दिवशीच कळलेले असतात, आणि पाठ संपला की टाळ्या वाजतात. ‘माझा हा पाठ फसला, का फसला ते सांगा,’ असे म्हणत उभे राहिलेले मी एकाही परिषदेत कोणाला पाहिले नाही. त्यात शिक्षकांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण ज्यांच्या शेऱ्यावर आपला गोपनीय अहवाल अवलंबून आहे, ते समोर बसलेले असताना फसलेला तास उघडा करण्याचे धाडस मीही केले नसते.

वेगळ्या प्रकारची बैठक कशी असू शकते, हे मला कळले ते होशंगाबादविषयी वाचल्यावर. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात, ज्याचे नाव आता नर्मदापुरम झाले आहे, १९७२ साली रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनी सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम १६ शाळांत सुरू केला. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात गेला, आणि १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक तिथल्या शिक्षकांबरोबर काम करत, हा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. मला त्याहून मोलाची वाटते ती तिथली मासिक गोष्ठी. परिसरातल्या शाळांचे विज्ञान शिक्षक महिन्यातून एकदा संगम केंद्रावर जमत, वर्गात कोणता प्रयोग झाला नाही आणि मुलांनी कोणता प्रश्न विचारून अडवले हे मांडत, आणि पुढचे प्रकरण शिकवण्यापूर्वी स्वतः हाताने करून पाहत. शिक्षकांच्या अशा प्रतिक्रियांवरून पुस्तकांतली प्रकरणे बदलली जात. परीक्षेला मुलांना पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा होती. २००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. पण एका जिल्ह्यातले साधे सरकारी शिक्षक न जमलेल्या प्रयोगाबद्दल महिन्याच्या महिन्याला एकमेकांशी बोलत होते, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना.

तसे पाहिले तर त्यासाठी नर्मदेकाठी जाण्याचेही कारण नव्हते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे चारायला जाणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्या मुलांवर किंवा त्यांच्या आईबापांवर खापर न फोडता शिक्षकच मुलांमागे कुरणात गेले आणि कुरणशाळा झाली. तीही न जमलेल्या गोष्टीकडे नीट पाहण्यातूनच निघालेली वाट होती.

आमच्या पहिल्या बैठकीला मात्र असा कोणताही थोर वारसा नव्हता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आम्ही पाच जण एका शाळेत बसलो, त्यांपैकी तिघे डी.एड.ला एकाच वर्गात होतो, आणि बोलायचे काय हे ठरलेले नव्हते. पहिला अर्धा तास बदल्या आणि वेतनश्रेणी यांवरच गेला. मग एका मॅडमनी घरी तपासायला म्हणून पिशवीत घातलेल्या वह्या बाहेर काढल्या आणि त्यांतली एक सतरंजीवर उघडून ठेवली. चौथीतल्या मुलीची वही होती. ५२ वजा २७, उत्तर ३५. त्याखाली ६१ वजा ३८, उत्तर ३७. त्याखाली ८० वजा ४६, उत्तर ४६. पानभर लाल फुल्या होत्या.

“हिला हातच्याची वजाबाकी जमतच नाही हो,” मॅडम म्हणाल्या.

निवृत्तीला तीन वर्षे राहिलेले एक गुरुजी आमच्यात होते. त्यांनी वही जवळ ओढली, चष्मा कपाळावर घेतला आणि बराच वेळ ते पान पाहत राहिले. “मॅडम, न येणाऱ्याची चूक दर वेळी वेगळी होते,” ते म्हणाले. “ही पोरगी सगळीकडे एकच गोष्ट करते आहे. हिच्याकडे नियम आहे.”

नियम सापडायला मग वेळ लागला नाही. वरचा अंक असो की खालचा, प्रत्येक घरात ती मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती. सातातून दोन पाच, पाचातून दोन तीन, म्हणून ३५. आम्ही पाचही जणांनी आपापल्या वर्गात पाहायचे ठरवले, आणि सप्टेंबरच्या बैठकीला पाचही शाळांतून तशाच वह्या आल्या. हा नियम मुलांना दिला कोणी? एका सरांनी आपल्या वर्गातल्या मुलाला सरळ विचारले, तेव्हा त्याने निरागसपणे सांगितले, “लहानातून मोठं जात नाही, असं तुम्हीच सांगता की सर.”

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. ‘दोनातून सात जात नाहीत’ हे वाक्य फळ्याकडे तोंड करून आम्ही प्रत्येकाने वर्षानुवर्षे म्हटले होते, आमच्या गुरुजींनी ते आम्हाला म्हटले होते, आणि बहुधा त्यांच्या गुरुजींनी त्यांना. दोनातून सात जात नसतील, तर सातातून दोन घालवावेत, हा मुलांनी काढलेला अर्थ त्या वाक्यापुरता अगदी शहाणपणाचा होता. शिवाय पुढे ऋण संख्या शिकताना दोनातून सात व्यवस्थित जातात, ते वेगळेच.

महिनाभर हे वाक्य वर्गात उच्चारायचे नाही, असे ठरले. त्याऐवजी पुठ्ठ्याच्या नोटा कापल्या. ५२ रुपये म्हणजे दहाच्या पाच नोटा आणि दोन सुटे रुपये. त्यातून मला २७ रुपये द्या, असे म्हटले की मूल दोन नोटा देते, दोन रुपये देते आणि थांबते. मग आपणहून म्हणते, “बाई, एक नोट सुट्टी करून द्या.” दशक मोकळा करणे या शब्दांत जे आम्ही वर्षानुवर्षे कोंबत होतो, ते या एका मागणीत होते.

इथे हे प्रकरण यशोगाथेसारखे संपवता आले असते, आणि शिक्षण परिषदेत सांगायचे असते तर आम्ही ते इथेच संपवले असते. ऑक्टोबरच्या बैठकीत मात्र एका सरांनी दोन वह्या पुढे केल्या आणि म्हणाले, “माझ्याकडे नोटांनी पंचवीस येतात आणि वहीत पस्तीस येतात. दोन्ही बरोबर असं पोरं म्हणतात. एक नोटांचं उत्तर, एक वहीचं.” सर हे सांगताना ओशाळले होते, पण त्या दिवशीची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यांनीच आणली होती. हातातली कृती आणि कागदावरची मांडणी यांच्यात मुलांच्या लेखी काहीच नाते नव्हते, आणि ते नाते आपोआप जुळेल असे आम्ही गृहीत धरले होते. मग पान मधोमध दुमडायचे, डावीकडे नोटांचे चित्र काढायचे, आणि नोटांशी केलेली प्रत्येक हालचाल झाल्या झाल्या उजवीकडे अंकांत लिहायची, असा प्रयत्न सुरू झाला. नोट सुट्टी केली, की लगेच उजवीकडच्या पाचावर काट मारून चार लिहायचे आणि दोनाचे बारा करायचे. बहुतेक मुलांना ते जुळायला जानेवारी उजाडला. काहींना वर्षभरात जुळले नाही.

त्याच काळात दुसऱ्या एका सरांनी आणलेली वही मला अजून आठवते. गावातल्या किराणा दुकानदाराच्या मुलाने ५२ वजा २७ चे उत्तर २५ लिहिले होते आणि मांडणीच्या जागी ३, २०, २ एवढेच आकडे होते. सत्तावीसपुढे तीन म्हणजे तीस, वीस म्हणजे पन्नास, दोन म्हणजे बावन्न, असा गल्ल्यावर बसून शिकलेला हिशेब त्याने केला होता. सरांनी त्यावर ‘पद्धत चूक’ असा शेरा मारला होता. तो शेरा त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःच वाचून दाखवला, तेव्हा सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने हसले ते स्वतः सर.

एवढ्या तपशिलात जाण्याचे कारण असे, की प्रागतिक शिक्षणपद्धती म्हणजे काय, यावर आमच्या गटात कधीच चर्चासत्र झाले नाही. मूल विचार करूनच चुकते, हे एकदा पटले की पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप घडायला लागतात, आणि ते पटते ते व्याख्यानाने नव्हे, तर आपल्याच वर्गातली वही दुसऱ्याच्या मांडीवर उघडी पाहून.

नियम आम्ही अनुभवाने केले, आणि त्यातला एक तर आमच्याच चुकीतून आला. दुसऱ्या वर्षी नव्याने नोकरीला लागलेल्या एक मॅडम आल्या. त्यांनी पहिलीतल्या मुलाची वही दाखवली, ज्यात काना आणि वेलांटी यांचा घोळ होता. आम्ही सहा जण त्यांच्यावर तुटून पडलो. अहो, असे करा, तसे करा, शब्दपट्ट्या घ्या, वाळूत गिरवून घ्या. अर्ध्या तासात आम्ही त्यांना डझनभर उपाय दिले आणि त्या पुढचे चार महिने फिरकल्या नाहीत. नंतर एका लग्नात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “ताई, मला वाटलं मला काहीच येत नाही.” तेव्हापासून वही समोर आल्यावर पहिली पंधरा मिनिटे उपाय सांगायचा नाही, मुलाने काय विचार केला असेल एवढेच बोलायचे, असा नियम आहे. शिक्षकाच्या जातीला तो पाळणे फार जड जाते. सत्कार नाही, शाल-श्रीफळ नाही आणि बैठकीचा फोटो नाही, हे बाकीचे नियम त्यामानाने सोपे आहेत.

सगळ्यांचे सगळे पटते असेही नाही. नोटांचा प्रयोग ज्यांच्या नजरेमुळे सुरू झाला, ते गुरुजी पाढे पाठ करून घेण्याच्या बाबतीत कट्टर होते. तीसपर्यंतचे पाढे आणि पावकी-निमकी ज्याला येत नाही त्याला गणित कसले, असे ते म्हणत, आणि आमच्यातले तरुण शिक्षक त्यांना समजून घेऊन शिकण्याचे महत्त्व ऐकवत. हा वाद दोन वर्षे चालला. एकदा गुरुजींनी दोन वर्गांतल्या भागाकाराच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. पाढे न येणारी मुले भागाकाराची पायरी नीट समजूनही मध्येच थकून सोडून देत होती, हे त्यांत स्पष्ट दिसत होते. मी तेव्हापासून वर्गात रोज दहा मिनिटे पाढ्यांना देते. गुरुजींनीही सातच्या पाढ्याचा चौकोनी तक्ता मुलांकडूनच बनवून घ्यायला सुरुवात केली, पण त्यावर बोलणे ते टाळत.

दिवस आणि वेळ यांचाही विचार करावा लागतो. सुरुवातीला काही जणांनी रविवार सुचवला होता. पुरुषांना तो सोयीचा होता. आमच्यातल्या बायकांना रविवारी घरातून निघणे म्हणजे दोन दिवसांचा स्वयंपाक, मुलांची व्यवस्था आणि सासूबाईंची परवानगी असे सगळे जुळवणे, त्यामुळे रविवारी बैठक ठेवली असती तर तो आपसूकच पुरुषांचा गट झाला असता. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर आम्ही नाहीतरी घराबाहेरच असतो. एका मॅडमचे बाळ आमच्या बैठकांतच रांगायला लागले, आणि खडूचे तुकडे तोंडात घालण्यापासून त्याला आवरण्याचे काम पाळीपाळीने सगळ्यांनी केले.

चौथ्या वर्षी आमच्या कामाची वार्ता वर पोहोचली. एका अधिकाऱ्यांना हा उपक्रम मनापासून आवडला आणि त्यांनी तो सगळीकडे सुरू करायचे ठरवले. हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. तीन महिन्यांत आमच्या व्हरांड्याचा मंगल कार्यालयातला कार्यक्रम झाला. मागे फलक, समोर ऐंशी शिक्षक, प्रत्येकाने ‘एक चूक, एक उपाय’ असा विहित नमुन्यातला तक्ता भरून आणायचा आणि फोटो गटावर टाकायचे. त्या दिवशी आलेल्या वह्यांतल्या चुका फार सुबक होत्या. प्रत्येक चुकीला उपाय होता, प्रत्येक उपायाला यश होते, आणि नोटांचे उत्तर वेगळे नि वहीचे वेगळे असे सांगणारे कोणी नव्हते. पुढच्या दोन बैठका तशाच झाल्या, मग अधिकाऱ्यांची बदली झाली आणि तो कार्यक्रम आपोआप थांबला. आमचा मूळ गट त्यानंतर सहा महिने जमलाच नाही. लाज वाटत होती असे नाही, पण काहीतरी उष्टे झाल्यासारखे वाटत होते. शेवटी एका मॅडमनी फोन करून विचारले, “ताई, माझ्याकडे एक वही आहे. येऊ का?” मग पुन्हा बसलो, सुरुवातीला चौघेच.

बदल्या हा तर या कामाचा कायमचा धोका आहे. एका वर्षीच्या ऑनलाइन बदल्यांत अकरापैकी पाच जण एकाच वेळी तालुक्याबाहेर गेले. त्यांपैकी दोघांनी आपल्या नव्या तालुक्यांत असेच गट सुरू केले. एक सहा महिन्यांत बंद पडला, कारण तिथे पहिल्याच बैठकीला अध्यक्ष आणि सचिव निवडले गेले. दुसरा चालू आहे, आणि ते लोक वह्यांऐवजी मुलांनी विचारलेले प्रश्न लिहून आणतात. त्यांची पद्धत आमच्यापेक्षा चांगली आहे, असे मला वाटू लागले आहे.

व्हॉट्सॲपचा गट आमचाही आहे. त्यावर बैठकीचे ठिकाण, रस्त्यावरच्या पुलावर पाणी आहे की नाही, आणि कोणाच्या घरचे दुःखाचे वर्तमान, एवढेच येते. स्वाध्यायांच्या पीडीएफ आणि सुप्रभातची फुले यांसाठी तालुक्यात दुसरे पुष्कळ गट आहेत. दूरच्या शिक्षकांना जोडण्यासाठी ही साधने कामाची नाहीत असे मी म्हणणार नाही. ॲक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र, म्हणजे ज्याला आम्ही सगळे ‘एटीएम’ म्हणतो, ते राज्यभरातल्या धडपड्या शिक्षकांचे जाळे समाजमाध्यमांच्या आधारानेच विणले गेले, आणि आपल्यासारखे दुसरेही कोणी आहे हे माझ्यासारख्या कितीतरी जणांना त्यामुळेच कळले. मात्र फसलेली वही मोबाइलवर पाठवायला हात धजत नाही. ती पुढे कुठे जाईल, याचा भरवसा नसतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. आमचे शनिवार त्यात धरले जात नाहीत, कारण त्यांचे प्रमाणपत्र नाही. ते धरले जावेत म्हणून अर्ज करावा, असे मध्यंतरी एकाने सुचवले होते. मंगल कार्यालयातल्या त्या फलकाची आठवण निघाली आणि विषय मागे पडला.

या गटाने काय साधले, असे विचारले तर मोजून दाखवण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही नाही. शाळांचे पट खाली येतच आहेत, चौकातली इंग्रजी माध्यमाची पिवळी बस आमच्या दारावरूनच मुले घेऊन जाते, आणि बारा महिने चालणारी ऑनलाइन माहितीची कामे आम्हाला कोणत्याही वहीने चुकवता आलेली नाहीत. पालक अजून म्हणतात, की बाई, शाळेत नुसते खेळच चालतात का. त्यांच्यासाठी आम्ही पालकसभेत पुठ्ठ्याच्या नोटा त्यांच्याच हातात देतो आणि वजाबाकी करायला लावतो. काही जण करतात. काही जण नोटा परत देऊन, इंग्रजी कधी सुरू करणार, असे विचारतात.

गुरुजी निवृत्त होऊन चार वर्षे झाली. ते अजूनही येतात, पण आता त्यांच्याकडे वर्ग नसल्यामुळे वही नसते, म्हणून ते गूळ-शेंगदाणे आणतात. गेल्या शनिवारी पाचवीच्या वर्गातली एक वही आली. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, उत्तर दोन पंचमांश. वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा, असे आम्ही म्हणालो आणि पुढच्या वहीकडे वळणार होतो. तेवढ्यात वही आणणाऱ्या मॅडम म्हणाल्या, की त्यांनी त्या मुलाला कारण विचारले होते. तो म्हणाला, एका डब्यात दोन लाडू आहेत, त्यातला मी एक खाल्ला. दुसऱ्या डब्यात तीन आहेत, त्यातलाही एक खाल्ला. मग पाचांतले दोन खाल्ले ना बाई?

गुरुजींनी पाच शेंगदाणे सतरंजीवर मांडले, दोन एकीकडे आणि तीन एकीकडे, त्यांतला एकेक उचलला आणि हातात धरून ते बसून राहिले. मुलाने सांगितले त्यात चूक कुठे आहे, हे आमच्यापैकी कोणालाही मुलाला पटेल अशा शब्दांत सांगता येईना. दोन्ही डबे सारखेच पाहिजेत, असे एक जण म्हणाले. मग पूर्ण कशाला म्हणायचे, असे दुसऱ्यांनी विचारले. साडेतीन वाजले, एसटी पकडायची होती त्या दोघी उठल्या. मॅडमनी वही माझ्या पिशवीत ठेवली आहे, आणि पुढच्या चौथ्या शनिवारी बैठक माझ्या शाळेत आहे.